भोकांची पावती

समुद्रापलीकडच्या विद्वानांनी पुढे या बंडावर जाडजूड ग्रंथ लिहिले. बंड का झालं, तर म्हणे जनतेच्या मनात स्वातंत्र्याची ज्योत पेटली होती, म्हणे नव्या विचारांचं वारं वाहत होतं. ज्योत कसली नि वारं कसलं! त्या गावात वारं सुटलं की लोक आधी दोन्ही हातांनी विजार धरायचे. ज्योत पेटवायला हात मोकळा होता कोणाचा? बंड झालं ते बटणाच्या भोकांवरून. आणि ते ज्यांच्यामुळे झालं, त्यांच्याइतका सरकारभक्त माणूस अख्ख्या किनाऱ्यावर दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता.

गाव समुद्राकाठचं. गावकऱ्यांचे आजे-पणजे पलीकडच्या मुलखातूनच जहाजात बसून आलेले, त्यामुळे राजधानीचं नाव निघालं की म्हातारी माणसं अजून डोळे पुसत. राजधानी त्यांच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती, पण दुरून डोंगर साजरेच असतात. गावात एकच मोठा कारखाना, शिंपल्याच्या बटणांचा. शिंपला फोडायचा, त्याची गोल चकती कापायची, दगडावर घासायची, कडा मोडायच्या, कातड्यावर चकाकी आणायची. इथपर्यंत सगळं गावात. भोक मात्र पाडायचं नाही. भोक पाडण्याचा अधिकार फक्त राजधानीचा. 'भोक हे नाजूक व जबाबदारीचे काम असून वसाहतीतील रहिवाशांची अद्याप तेवढी तयारी झालेली नाही,' असा हुकूम कारखान्याच्या दारावर रंगवलेला होता. दर तीन वर्षांनी त्याला नवा रंग द्यावा, असाही एक हुकूम होता.

तर चकत्या पेट्यांत भरून जहाजानं पलीकडे जात. सात महिने जायला, सात महिने यायला, आणि मधे भोकखात्यात पेटी जितके दिवस लोळेल तितके वेगळे. शिंप्यानं एखाद्या पोराच्या सदऱ्यासाठी बटणं मागवली, तर ती येईपर्यंत पोराला मिसरूड फुटलेलं असे. परत येणारी बटणंही मोजकीच, कारण बाकीची तिकडच्याच लोकांच्या कोटांना लागत. म्हणजे बटणं करणारं गाव सुतळीनं विजारी बांधून हिंडायचं. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ना, इथे तर उंटही पलीकडच्या किनाऱ्यावर उभा होता.

या कारखान्याच्या दाराशी, पश्चिमेच्या खिडकीपाशी एक खुर्ची होती. त्या खुर्चीत बावीस वर्षं तपासनीस बसत. दुपार कलली की कामगार चकत्यांची तबकं आणून समोर ठेवत. तपासनीस एकेक चकती दोन बोटांत धरून खिडकीकडे करत आणि एक डोळा मिटून बघत. चकतीतून उजेड आला नाही की वहीत लिहीत, 'भोक आढळले नाही.' बावीस वर्षांत त्यांना एकदाही भोक आढळलं नव्हतं, आणि याचा त्यांना एवढा अभिमान होता की जणू न पडलेलं प्रत्येक भोक त्यांनीच पाडलं नव्हतं.

माणूस सज्जन, पण नियमाचा भारी कडक. त्यांना पावतीचं वेड होतं. बायको मुलगी लहान असतानाच वारली, तेव्हापासून त्यांची थोरली बहीण घर सांभाळायला आली. तिला सगळा गाव आत्या म्हणे. आत्यानं बाजारातून भाजी आणली तरी तपासनीस तिला 'भाजी मिळाली' अशी पावती फाडून देत. "अरे, भाजी चुलीवर आहे, तुझी पावतीही टाकू का तिच्यात?" असं आत्या विचारायची. मुलगी मात्र बापाच्या वळणावर गेली होती. पहिला दात पडला तेव्हा तो बापाच्या हातावर ठेवून ती म्हणाली, "बाबा, पावती." आता ती चोवीस वर्षांची होती आणि कारखान्यात चकाकीच्या पाटावर तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. तपासनिसांचा जीव की प्राण म्हणजे ही लेक. त्यानंतर सरकार. हा क्रम त्यांना स्वतःला अजून ठाऊक नव्हता.

तपासनिसांना नेमणुकीबरोबर पलीकडून एक काळा कोट मिळाला होता, पाच अस्सल बटणांचा. अस्सल बटण ओळखायला सोपं. राजधानीतलं गिरमिट जुनं झालं होतं की चालवणारा डुलक्या काढायचा कोण जाणे, पण तिथली चारही भोकं नेहमी एका कडेला सरकलेली असत. त्यामुळे कोट तिरका बसे, एक खांदा वर आणि एक खाली. गावात ज्याचा खांदा वर, तो मोठा माणूस समजला जाई.

एक दिवस आत्यानं तो कोट धुवायला घेतला आणि दगडावर असा आपटला की मधल्या बटणाचा भुगा झाला.

तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आठच दिवसांनी राजधानीतून मोठे साहेब येणार होते. वीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडचं कोणी गावात पाऊल ठेवणार होतं. आणि नियम असा, की साहेबांपुढे सरकारी नोकरानं पाचही बटणं लावून उभं राहावं. एक कमी असेल तर नोकरी गेली आणि सरकारी दोन खोल्याही गेल्या.

"नवीन बटणासाठी अर्ज करतो," तपासनीस म्हणाले.

"कर की," आत्या म्हणाली. "चौदा महिन्यांनी येईल. तोवर साहेबांना म्हणावं, जरा बसा."

तपासनीस त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून बघतात तर कोट खुंटीवर, आणि कोटाला पाच बटणं. मधलं बटण पोटावर अगदी नीट, सरळ बसलेलं.

"हे कुठून आलं गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात सापडलं, बाबा," ती चुलीकडे तोंड करून म्हणाली.

तपासनिसांनी तिला 'एक बटण मिळाले' अशी पावती दिली. बटण खिडकीशी धरून मात्र पाहिलं नाही. बावीस वर्षांत न पाहिलेली ती पहिली वस्तू.

साहेब आले. सात महिने जहाजात बसून खाण्याशिवाय दुसरा उद्योग नसल्यामुळे ते निघाले होते त्याच्या दीडपट होऊन पोचले. फळीवरून उतरताना त्यांच्या विजारीची दोन बटणं टपाटप उडून पाण्यात गेली. शिंप्याला तातडीनं विश्रामगृहावर बोलावण्यात आलं. त्यानं पाच मिनिटांत दुसरी दोन लावून दिली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या अंगणात सगळा गाव जमला. पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून सुतळ्या घरी ठेवून, सगळे नीट बटणं लावून आले होते. खाटांच्या फळ्यांचं व्यासपीठ केलं होतं. एका बाजूला गावातल्या छावणीचे सहा शिपाई आणि त्यांचे हवालदार बंदुका घेऊन उभे. तपासनीस पुढच्या रांगेत होते. सवयीनं त्यांनी डोळ्यांनीच मोजदाद केली. वहीप्रमाणे गेल्या दहा वर्षांत गावात साडेतीनशे बटणं आली होती. अंगणात हजारो दिसत होती. 'आजोबा-पणजोबांच्या वेळची असतील,' त्यांनी मनाला सांगितलं. मनानंही मान डोलावली, कारण मनालाही नोकरी टिकवायची होती.

साहेबांनी कागद उलगडला.

"प्रजाजनहो! वीस वर्षांपूर्वी तुम्ही मायबाप सरकारकडे अर्ज केला होता की भोक पाडण्याची परवानगी मिळावी. सरकारनं त्यावर तातडीनं विचार केला आहे."

लोक व्यासपीठाकडे सरकले.

"आजपासून," साहेबांनी आवाज चढवला, "चार भोकांपैकी दोन भोकं तुम्ही इथे पाडू शकाल! उरलेली दोन पूर्वीप्रमाणे राजधानीत पडतील."

टाळ्यांसाठी साहेब थांबले. टाळी वाजली नाही. शिंपी बराच वेळ डोकं खाजवत होता, तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? दोन भोकांत दोरा बसतो."

"बरं."

"दोरा बसला की बटण टिकतं."

"बरं, मग?"

"मग उरलेल्या दोन भोकांसाठी ते चौदा महिने पलीकडे कशाला पाठवायचं?"

"कारण बटणाला चार भोकं असतात," साहेब म्हणाले.

"पण दोनांत काम होतंय."

"म्हणूनच तर उरलेली दोन जास्त महत्त्वाची!"

"भीक नको पण कुत्रा आवर," आत्या मागून बोलली. ती हळू बोलली असं तिला वाटलं, पण आत्याचं हळू बंदरापर्यंत ऐकू जायचं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. कृतघ्न लोक! या गर्दीत कोणीतरी निष्ठावान असेल म्हणून ते बघू लागले, तर समोरच तपासनीस, एक खांदा वर करून, डोळ्यांत पाणी आणून उभे. साहेबांना भरून आलं. गौरवाची एक फीत त्यांनी बरोबर आणली होती. ती स्वतःच्या हातानं तपासनिसांच्या कोटाला टाचावी म्हणून ते खाली उतरले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"हे मधलं बटण कुठलं?"

"पलीकडचं, साहेब."

"शक्य नाही. याची भोकं सरळ आहेत."

"मायबाप सरकारची कृपा, साहेब."

"कृपा कसली! मी अकरा वर्षं भोकखात्यात होतो. आमच्याकडे एकदाही सरळ भोक पडलेलं नाही!" साहेब ताठ झाले. मग त्यांनी शेजारच्याचा सदरा पाहिला. त्याच्या शेजारचीची चोळी पाहिली. शिपायांच्या विजारी पाहिल्या. सगळीकडे एकजात सरळ, बरोबर मधोमध, देखणी भोकं. "हे कोणी केलं?"

लोकांनी आपापल्या बटणांवर हात ठेवले.

"ठीक. ज्याच्या अंगावर पहिलं सापडलं तोच गुन्हेगार. तपासनीस, आज दुपारच्या भरतीला जहाज सुटतंय. तुमच्यावरचा खटला राजधानीत चालेल."

खटला म्हणजे काय ते गावाला माहीत होतं. तीन पिढ्यांपूर्वी एका सुतारानं खिळ्यानं एक भोक पाडलं होतं. त्याला जहाजावर चढवलं. तो परत आला नाही, पण सुनावणीची पुढची तारीख त्याच्या पणतूला अजून टपालानं येत असे.

"थांबा!" गर्दीतून आवाज आला. तपासनिसांची लेक पुढे येत होती, काखेत पत्र्याचा एक डबा. "बाबांना काही माहीत नाही. भोकं मी पाडली."

तपासनीस जागच्या जागी थिजले.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"बटणं तीन हजार चारशे बारा. भोकं त्याच्या चौपट. आत्याच्या जुन्या घरच्या माळ्यावर गिरमिट आहे." तिनं डबा उघडून साहेबांपुढे धरला. आत काठोकाठ पांढरी, पिठासारखी भुकटी. "हे तुमचं."

"हे काय?"

"भोकांतून निघालेलं. भोक सरकारचं, मग भोकातून निघालं ते सरकारचंच ना? बाबांनी लहानपणापासून शिकवलंय, दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची नाही. मी यातलं चिमूटभरही ठेवलेलं नाही. प्रत्येक दिवसाची चिठ्ठी आत आहे."

"अगं माझे बाई!" आत्यानं कपाळावर हात मारला. "चोरी केलीस ती केलीस, वर पावत्या कशाला ठेवल्यास?"

तपासनिसांच्या मनात त्या क्षणी दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे, पोरीनं हिशेब किती चोख ठेवलाय! अभिमानानं छाती भरून आली त्यांची. आणि लगेच दुसरी: हिला नेणार. सात महिन्यांच्या पाण्यापलीकडे नेणार, आणि आपल्याकडे नुसत्या तारखा येत राहणार. त्यांना धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. बावीस वर्षं चकतीआड उजेड नाही ना, हेच ते बघत बसले होते, आणि घरातली पोर गावाच्या विजारी सावरत होती ते त्यांना दिसलं नव्हतं.

"हवालदार!" साहेब गरजले. "या मुलीला धरा! आणि गावातली सगळी बेकायदा बटणं कापून जप्त करा!"

हवालदार एक पाऊल पुढे आले. तपासनीस त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, विजारीच्या बटणाकडे. तेही सरळच होतं.

"साहेब," तपासनीस म्हणाले. "नियम आहे."

"कसला?"

"कलम नऊ. आधी मुद्देमाल, मग आरोपी. मुद्देमाल जप्त झाल्याशिवाय आरोपीला हात लावता येत नाही." त्यांनी दुसरं बोट दुमडलं. "आणि कलम दहा. जप्तीची सुरुवात सरकारी नोकरांपासून करावी, म्हणजे जनतेपुढे उदाहरण राहतं."

साहेब गहिवरले. पोटच्या पोरीला नेत असतानाही हा माणूस कलमं सांगतोय! "वा, तपासनीस! असे लोक आहेत म्हणून राज्य उभं आहे. करा सुरुवात!"

तपासनिसांनी स्वतःचा कोट पुढे केला. शिंप्यानं कात्री काढून मधलं बटण कापलं. तपासनिसांनी ते डब्याच्या झाकणात ठेवलं आणि म्हणाले, "आता हवालदार."

कात्री चालली. हवालदारांचं बटण तुटलं आणि त्यांचा उजवा हात आपोआप कमरेकडे गेला. दुसरं तुटलं, डावा हात गेला. बंदूक त्यांनी काखेत धरायचा प्रयत्न केला, ती निसटून खाली पडली. मग पहिला शिपाई, मग दुसरा. सहाव्यापर्यंत येता येता अंगणात सात बंदुका पडल्या होत्या आणि सात माणसं पोटात कळ आल्यासारखी दोन्ही हातांनी कंबर धरून उभी होती.

"झालं? आता धरा तिला!" साहेब म्हणाले.

कोणी हललं नाही.

"हवालदार!"

"साहेब," हवालदार अजिजीनं म्हणाले, "मुलगी धरू की विजार, एकच काय ते सांगा."

"हुकूम म्हणजे हुकूम! बंदूक उचला!"

हवालदार हुकमाचे ताबेदार. त्यांनी एक हात सोडून वाकून बघितलं. जे व्हायचं ते झालं. समोरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि हवालदार बंदूक न उचलता झर्रकन सरळ झाले.

"मीच धरतो!" म्हणत साहेब निघाले, तर शिंपी आडवा आला. हातात कात्री.

"साहेब, तुमची दोन राहिली."

"माझी?"

"कालची. विश्रामगृहावर लावली ती. याच मुलीच्या हातची. कलम दहा म्हणतं, सरकारी नोकर."

साहेबांनी तपासनिसांकडे पाहिलं. तपासनीस अत्यंत दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "नियम आहे, साहेब."

साहेब नियमाचे गुलाम. अकरा वर्षं भोकखात्यात काढलेला माणूस दुसरा काय असणार? खच्, खच्, दोन आवाज झाले. साहेबांचं सुटलेलं पोट मोकळं झालं आणि त्यांनी दोन्ही हातांनी साम्राज्याची अब्रू घट्ट धरली.

आधी आत्या हसली. तिला हसू आवरणं कधीच जमलं नव्हतं, लग्नातही नाही आणि मयतातही नाही. मग शिंपी हसला. मग सगळं अंगण खदाखदा हसायला लागलं, माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली, शिपाईही हसले. तीन पिढ्या त्या गावानं पलीकडची भीती बाळगली होती. ती एवढ्यानं गेली. खरं सांगायचं तर विजार धरून उभ्या असलेल्या माणसाला भ्यायचं कसं, तेच कोणाला सुचेना.

साहेबांना घाम फुटला. "बरं, ऐका! तीन! तीन भोकं इथे, एकच पलीकडे!"

"चार," शिंपी म्हणाला.

"चारचा मला अधिकार नाही. वर विचारावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

सगळ्या अंगणानं एका सुरात उत्तर दिलं, "चौदा महिने!" आणि पुन्हा हशा उसळला.

तपासनीस एकटे हसत नव्हते. ते लेकीकडे बघत होते. ती डबा छातीशी धरून उभी होती, आणि तिची नजर बंदरातल्या जहाजाकडे होती. इतका वेळ ती किती घाबरली होती ते त्यांना आत्ता दिसलं. त्यांनी जाऊन तिच्या हातून डबा घेतला, झाकणातली बटणं शिंप्याच्या ओंजळीत ओतून झाकण लावलं आणि साहेबांपुढे गेले.

"साहेब, मग राहू द्या."

"काय राहू द्या?"

"सगळंच." बंडाचं भाषण म्हणतात ते एवढंच. "माझी पोर कुठेही जाणार नाही. हा डबा तेवढा घेऊन जा. तेरा हजार सहाशे अठ्ठेचाळीस भोकं आहेत, तुमची तुम्हाला पोचवली. आम्ही एकही ठेवून घेतलेलं नाही. फक्त पावती द्या."

"पावती कशी देऊ?" साहेब रडकुंडीला आले. "हात कुठे मोकळे आहेत?"

तपासनिसांनी क्षणभर विचार केला. बावीस वर्षांची चाकरी होती, शेवटचं एक काम करायला काय हरकत? ते साहेबांच्या मागे गेले आणि त्यांची विजार दोन्ही बाजूंनी घट्ट धरली.

"लिहा, साहेब. मी धरतो."

आणि साहेबांनी लेकीच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं: 'भोके मिळाली. एकूण तेरा हजार सहाशे अठ्ठेचाळीस.' खाली सही, तारीख. तपासनिसांनी शिक्क्याचीही आठवण करून दिली. मग साहेब एका हातात विजार आणि काखेत डबा घेऊन बंदराकडे गेले. जाताना आत्यानं त्यांना एक सुतळी दिली. अगदीच दगड नव्हती ती.

भरतीला जहाज सुटलं. शिपाई मात्र गेले नाहीत. त्यांची बटणं लावून व्हायची होती, आणि नंतर त्यांना जावंसं वाटलं नाही.

पावती कारखान्याच्या दारावर लागली, जुन्या हुकुमावरच, त्यामुळे रंगाचा खर्चही वाचला. पलीकडून पुढे फौजा आल्या, तह झाले, ते सगळं ग्रंथांत आहे, हवं त्यानं वाचावं. गावात चौथ्याच दिवशी काम सुरू झालं होतं. माळ्यावरचं गिरमिट खाली आलं आणि लेकीचा पाट खिडकीसमोर मांडला गेला.

तपासनीस आपल्या खुर्चीत बसले. कोट तोच, मधलं बटण परत लावलेलं. दुपार कलली आणि पहिलं तबक आलं. त्यांनी सवयीनं एक बटण उचललं, दोन बोटांत धरलं, एक डोळा मिटला. चार सरळ भोकांतून उजेड आत आला आणि त्या उजेडात पलीकडच्या पाटावर वाकलेली त्यांची लेक दिसली, कपाळाला भुकटी लागलेली. ते बराच वेळ तसेच बघत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हाही बटण खाली ठेवलं नाही.

"काय झालं, बाबा?" तिनं विचारलं. "वाकडं आलंय का?"

"नाही गं," तपासनीस म्हणाले आणि वही ओढून त्यांनी लिहिलं, 'भोक आढळले.'